अण्णाशास्त्र्यांच्या स्कूटरचा जीर्णोद्धार

अण्णाशास्त्री स्कूटरला किक मारायचे ती विष्णूची नावं घेत. एका किकेला एक नाव. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. संध्येच्या सुरुवातीला ही चोवीस नावं घेतात. अण्णांनी त्यात पायाची हालचाल घातली होती इतकंच. उन्हाळ्यात गाडी माधवाला सुरू व्हायची. पावसाळ्यात वामनापर्यंत थांबावं लागे. माघातल्या धुक्यात दामोदर उजाडायचा. दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरात मी राहायला गेले, तेव्हा पहिल्याच पहाटे खालून हा नामजप आणि त्याच्या अधूनमधून लोखंडी खोकला ऐकू आला. मला वाटलं, घरमालकांना दमा दिसतो.

मी रेल्वेच्या हिशेब खात्यात. साताऱ्याची मुलगी, बदलीने बनारसला येऊन पडले आणि ओळखीच्या ओळखीतून अण्णांच्या वरच्या खोलीत भाडेकरू झाले. ते मला शेवटपर्यंत 'रेल्वेबाई' म्हणत. पहिल्या दिवशी सामान वर चढवताना जिन्याखाली ती स्कूटर पाहून मी म्हटलं, "बरीच जुनी दिसते गाडी."

"जुनी नाही, जीर्ण," अण्णा म्हणाले. "जुनी वस्तू टाकतात. जीर्ण वस्तूचा उद्धार करतात."

एवढं बोलून माझी ट्रंक तिथेच ठेवून ते आत गेले. मला ती एकटीने वर न्यावी लागली.

अण्णांचा जन्म बनारसचा, त्यांच्या वडलांचा आणि आजोबांचाही. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कर्मं सांगायचे, त्यासाठी कधी शिंदे घाट, कधी पंचगंगा अशी त्यांची फेरी असे. उंच, सडपातळ, कानांवर केस, धोतर आणि वर थंडीत मुलाने पुण्याहून पाठवलेलं जाकीट. बोलणं सावकाश आणि चेहरा कायम एकच. विनोद करतायत की शास्त्र सांगतायत हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. मी बहुतेक वेळा चुकीचं ठरवलं.

स्कूटर अस्सल पत्र्याची. मूळ रंग निळा असावा, असं सीटखालच्या कोपऱ्यावरून वाटे. बसण्याआधी अण्णा वाकून तिच्या पायफळीला, पाय ठेवायच्या पत्र्याला, हात लावत आणि तो हात डोळ्यांना लावत. रस्त्यात सिग्नलला थांबले की हँडलवर बोटाच्या पेराने टिचक्या मारून आवाज ऐकत. "चांगला पत्रा बोलतो," ते म्हणत, "गंजका पुटपुटतो." माझ्या नव्या प्लास्टिकच्या स्कूटीवरही त्यांनी एकदा टिचकी मारली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हिला काही म्हणायचंच नाही."

गाडीवर त्यांचा जीव होता हे खरं, पण गाडी होती उमाकाकूंसाठी. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले होते. घरातल्या घरात भिंत धरून चालत. आणि त्यांचा नेम असा, की गंगा डोळ्यांना दिसल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही. लग्न होऊन इंदूरहून या घरात आल्या, तेव्हा सासूबाईंनी लावलेला नेम. सासूबाई गेल्या, नेम राहिला. रोज पहाटे अण्णा त्यांना मागे बसवत. काकू एका बाजूला पाय सोडून, एक हात मागच्या स्टेपनीवर, एक अण्णांच्या खांद्यावर, अशा बसत आणि त्या अरुंद गल्ल्यांतून, गाईंच्या पोटांना चाटून, ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या सुरू होतात तिथपर्यंत दोघं जात. काकू गाडीवरून उतरतसुद्धा नसत. नुसत्या बघायच्या. मग परत येऊन चहा. अण्णाही त्यांच्याआधी चहा घेत नसत. त्यांचा काही नेम नव्हता, पण विचारलं तर म्हणत, "आधण एकच ठेवायचं असतं."

त्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. मी एकदा काकूंना माझ्या स्कूटीवर बसवून पाहिलं. बसल्या, क्षणभर थांबल्या आणि उतरल्या. "अगं, ही थरथरत नाही. सुरू आहे का बंद, काही पताच लागत नाही. आणि मागे धरायला काही नाही. अशा गाडीवर माणूस बसतं का?" शेजारच्या मंडळींनी खुर्चीवरून उचलून नेऊ का, असं विचारलं होतं. त्यांना काकूंनी सांगितलं, "चौघांनी उचलून गंगेवर एकदाच जायचं असतं. ती वेळ आली की कळवीन."

तर असा सगळा मामला त्या पत्र्यावर उभा होता. आणि पत्रा सडत होता.

पहिली खबर चपलेने दिली. श्रावणात अण्णा एका यजमानाकडून परत आले, ते एकाच पायात चप्पल घालून. मी जिन्यात उभी होते. विचारलं, तर म्हणाले, "दुसरी चौकात आहे. पायाखालून गेली." मला वाटलं, देवळाबाहेरून चोरीला गेली. त्यांनी मला वाकून पायफळी बघायला लावली. ब्रेकच्या शेजारी पत्र्याला भोक पडलं होतं, चप्पल निसटेल एवढं, आणि त्यातून जिन्याखालची फरशी स्वच्छ दिसत होती. कडेचा पत्रा मी बोटाने दाबला, तो पापडासारखा मोडला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात मागे घेतला.

मैदागिनच्या बाजूला लालजी मिस्त्री म्हणून एक होता. डेंटिंग, वेल्डिंग, रंगकाम आणि फावल्या वेळात गप्पा, असा त्याचा धंदा. त्याने भोक पाहिलं आणि म्हणाला, "टनाटन कर देब गुरुजी. पतै ना चली."

"कुणाला पत्ता लागणार नाही?" अण्णांनी मला मराठीत विचारलं. "गाडीला?"

पण पितृपक्ष तोंडावर होता. वर्षभराचे यजमान त्या पंधरवड्यात येतात. अण्णांनी गाडी त्याच्याकडे सोडली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा भोक खरंच दिसत नव्हतं. वरून निळा रंगही होता, गाडीच्या निळ्याशी ज्याचं काही नातं नव्हतं असा. अण्णांनी टिचकी मारली. पत्रा पुटपुटला. त्या रात्री जेवताना अण्णांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

पितृपक्षातच, काकू मागे बसलेल्या असताना, लालजीने भोकात बसवलेलं बूच पडलं. दगडाचा धक्का बसला आणि पायफळीचा तुकडा गल्लीत मागे राहिला. काकूंना काही झालं नाही. पण अण्णांचा पाय आत गेला, घोट्यावर खरचटलं, गाडी भिंतीला टेकून थांबली आणि काकूंना ती भिंत धरून, थांबत थांबत घरी यावं लागलं. बूच म्हणजे दाबून बसवलेलं वर्तमानपत्र आणि वर पुट्टी. अण्णांनी तो कागद उलगडून, वाळवून, वाचून पाहिला. "बनियनची जाहिरात आहे," ते म्हणाले. "माझी बायको बनियनच्या जाहिरातीवर बसून गंगेला जात होती." आवाज नेहमीचाच होता. पण माणूस हादरला होता. तो कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.

त्या दिवशी काकूंनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तांब्याभर गंगेचं पाणी आणून पुढे ठेवलं, माझ्या अकलेप्रमाणे. काकूंनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "हे पाणी झालं गं. गंगा तिकडे आहे." रागावल्या नव्हत्या. त्यांना डोकेदुखीची जुनी तक्रार, चहा सुटला की दुपारपासून कपाळाला फडकं बांधून पडून राहत. अण्णा श्राद्धं सांगून यायचे, दारातूनच त्या फडक्याकडे बघायचे आणि तसेच जिन्याखाली जाऊन स्कूटरसमोर बसायचे.

पुण्याहून मुलाचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येत नव्हतं, तरी ते फोनचा आवाज मोठा ठेवत, त्यामुळे संभाषण सगळ्या घराचं असे.

"अण्णा, ती गाडी भंगारात द्या आणि आईला घेऊन इकडे या."

"तिकडे गंगा आहे का?"

"मुळा-मुठा आहे."

अण्णांनी फोन ठेवून दिला. अपमान झाल्यासारखा नाही, तर चर्चा संपल्यासारखा.

मग त्यांनी शास्त्र काढलं. मूर्ती भंगली, तिचा अवयव तुटला, तर ती खंडित. तिची पूजा करायची नाही, विसर्जन करायचं. पण मूर्ती नुसती झिजली असेल तर ती जीर्ण. तिची डागडुजी करता येते. तेव्हा प्रश्न असा, की भोक पडलेली स्कूटर खंडित की जीर्ण? सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी, सगळे यजमान आटोपल्यावर, अण्णांनी या प्रश्नाचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही एकट्याने मांडले. ऐकायला मी आणि कपाळाला फडकं बांधलेल्या काकू. पायफळी हा अवयव मानावा की आसन, यावर बराच वेळ गेला. शेवटी ते आसन ठरलं. आसन बदललं म्हणून देव खंडित होत नाही.

"इतकी बहस कशाला?" काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. "तुम्हाला ती टाकायची नाही, एवढंच म्हणा ना."

"एवढंच म्हटलं तर ते मत होतं," अण्णा म्हणाले. "आता तो सिद्धांत झाला."

पुढचं मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मी समक्ष होते. मूर्तीला हत्यार लावायचं तर आधी तिच्यातलं देवपण मंत्राने कलशात काढून घेतात आणि काम होईपर्यंत कलशाची पूजा करतात. अण्णांनी जिन्याखाली स्कूटरसमोर कलश मांडला, नारळ ठेवला, दर्भाचं एक टोक हँडलला आणि एक कलशाला लावलं आणि यथासांग सगळं केलं. काकूंनी आतून विचारलं, "पण गाडीत देव बसवला कधी होतात?"

"दर खंडेनवमीला बसवतो. तू प्रसाद खातेस तो कशाचा असतो?"

मग तो कलश देवघरात काकूंच्या शेजारी गेला आणि रिकामी गाडी ढकलत आम्ही लालजीकडे गेलो. रिकामी म्हणजे फक्त शास्त्राने रिकामी. ढकलायला तेवढीच जड होती.

लालजीने पुन्हा 'टनाटन' म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा अण्णांनी खिशातून बनियनची जाहिरात काढून त्याच्या हातात दिली. लालजीने तोंड मिटलं. अण्णांनी गाडी आडवी करायला लावली आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन इंच इंच पत्रा ठोकत गेले. जिथे आवाज बसका आला तिथे अष्टगंधाची रेघ. रेघ वाढत वाढत जवळजवळ सगळ्या पायफळीभोवती फिरली. लालजी म्हणाला, इतका कापायची गरज नाही, थोडा पत्रा वरून चिकटवू. अण्णा म्हणाले, "सड़े पर नया चढ़ाओगे तो नया भी सड़ेगा. रेखा के भीतर का सब काटो."

कापायला सुरुवात झाली आणि अण्णांनी हात वर केला. "रुको."

पायफळीच्या दोन पत्र्यांच्या सांध्यातून मुंग्यांची एक रांग बाहेर येत होती. अण्णा उकिडवे बसले. मुंग्या कुठून येतात ते पाहिलं. सांध्यात काडी घातली, काडीला तपकिरी चिकट काहीतरी लागलं, त्याचा वास घेतला. आयुष्यभर त्यांनी धूर पाहून अग्नीचं अनुमान शिकवलं होतं; मुंग्या पाहून कशाचं अनुमान निघतं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिलं. दूध, दही, तूप, मध, साखर. दर खंडेनवमीला अण्णा स्कूटरवर पंचामृताचा अभिषेक करत होते. झेंडूचा हार घालून भागवणाऱ्यांतले ते नव्हते. रुद्राची आवर्तनं होईपर्यंत धार. आणि पूजा झाल्यावर ते पंचामृत पुसायचं नाही, कारण निर्माल्य दुसऱ्या दिवशी काढतात. वर्षानुवर्षं ते सांध्यात मुरत होतं.

"दोष यजमानाचा," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. "गाडी आपणच खाल्ली. म्हणजे, तिला खाऊ घालून घालून."

"मी दर वर्षी म्हणत होते, दूध पुसा."

"तू म्हणत होतीस, फरशीवरचं पुसा."

"तिथून सुरुवात केली असती तर गाडीपर्यंत पोचला असता."

मी हसले. त्या दोघांपैकी कुणी हसलं नाही. पण अण्णा काकूंच्या उशाशी बसले आणि त्यांच्या कपाळावरचं फडकं सोडून, ओलं करून, पुन्हा बांधलं. हे ते माझ्यासमोर कधी करत नसत. मी वर निघून गेले. खरं सांगायचं तर मला त्या वेळी काकूंचा फार हेवा वाटला.

काम संपेपर्यंत अण्णा रोज लालजीच्या दुकानात काळी काच डोळ्यांसमोर धरून स्टुलावर बसत. नवा पत्रा बसला, सांधे वितळून भरले, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड लागलं. कापून काढलेला सडका पत्रा त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधून घरी आणला, कारण काढलेल्या भागाचं विसर्जन करायचं असतं. काकू म्हणाल्या, "गंगेत गंज टाकायचा नाही. तिच्याकडे मला रोज बघायचं असतं." अण्णांनी विचार केला आणि तो पत्रा भंगारवाल्याला दिला. भट्टीत जाईल, म्हणजे अग्नीला पोचेल, असं त्यांचं म्हणणं. तेही शास्त्राला धरूनच होतं म्हणे.

नवरात्रात गाडी आली. कलशातून देवपण परत गाडीत गेलं. दुसऱ्या पहाटे काकू मागे बसल्या. मला पायफळी बघायला बोलावलं: शेंदरासारखी तांबडी. वरून निळा रंग द्यायला काकूंनीच मनाई केली होती, म्हणाल्या, सवाशीण दिसते. दोघं गेली आणि परत आली. मी जिन्यात थांबले होते. आतून स्टोव्हचा आवाज आला, मग कपबशीचा, मग बराच वेळ कसलाच नाही.

पण खंडेनवमी तीन दिवसांवर आली होती आणि घरात आता खरी पंचाईत होती. अभिषेक करावा तर गाडी सडते. न करावा तर गाडीत देव आहे आणि तो पारोसा राहतो. आणि पत्रा पुन्हा गेला तर काकूंची गंगा जाते. अण्णा दोन दिवस पोथ्या चाळत होते. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या, असं दाखवत होत्या.

नवमीला मी खाली आले तर जिन्याखाली पाट मांडला होता. पाटावर ताम्हन. ताम्हनात आरसा. स्कूटरचाच, हँडलचा आरसा, पाना लावून काढलेला. तो अशा कोनात ठेवला होता, की अख्खी स्कूटर त्यात दिसावी. चित्रातल्या देवाला, रंगवलेल्या देवाला पाणी चालत नाही. तेव्हा आरशात त्याचं प्रतिबिंब घेऊन त्या प्रतिबिंबाला स्नान घालतात. दर्पणस्नान. शास्त्रातच आहे. अण्णा प्रतिबिंबावर दुधाची धार धरून होते, रुद्र चालू होता आणि बाजूला कोरडी ठणठणीत स्कूटर हार घालून उभी होती. शेवटी त्यांनी आरसा पुसला. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले नाहीत.

"निर्माल्य?" मी विचारलं.

"प्रतिबिंबाचं निर्माल्य प्रतिबिंबात असतं," अण्णा म्हणाले. हे मात्र शास्त्रात नसावं. काकूंकडे बघत ते म्हणाले होते.

मग माझी बदली भुसावळला झाली. फोन होत राहिले. काकू बोलायच्या, अण्णा मागून दुरुस्त्या सांगायचे. अण्णांच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय हे मला तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

गेल्या थंडीत खात्याच्या कामासाठी बनारसला जायचा योग आला. गाडी पहाटे पोचली. सामान स्टेशनवर ठेवून मी थेट दूधविनायकात गेले, चहाच्या वेळेआधी गाठावं म्हणून. गल्लीच्या तोंडाशीच होते तेव्हा समोरून स्कूटर आली. आवाज न करता. इंजिन बंद होतं. काकू नेहमीसारख्या मागे बसल्या होत्या, एका बाजूला पाय सोडून. आणि अण्णा दोन्ही हातांनी हँडल धरून, शेजारून चालत, गाडी ढकलत होते. काळा चष्मा, मान सरळ. माझ्याकडे बघितलं, पण मी त्यांना दिसले नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "समोर रेल्वेबाई आहे."

अण्णांनी ब्रेक दाबला. मी पाया पडले. मग अगदीच मूर्खासारखं विचारलं, "अण्णा, हे काय?"

"डॉक्टरांनी चालवायला बंदी केली आहे," अण्णा म्हणाले. "ढकलायला नाही." आणि चेहरा तसाच ठेवून, "अंधपंगुन्याय जन्मभर शिकवला. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, तो वाट सांगतो, हा चालतो. आता प्रात्यक्षिक चालू आहे."

माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसणार नव्हते, तरी मी वळून पुसले. मग म्हटलं, "मी मागून हात लावते. घाटापर्यंत येते."

"नको गं," काकू हळूच म्हणाल्या. "तू ढकललंस, तर यांना वाटेल गाडी सुरू झाली."

अण्णांनी ब्रेक सोडला. मी भिंतीला चिकटून वाट दिली. गाडी पुढे सरकली, वळणाआड गेली आणि मग फक्त काकूंचा आवाज येत राहिला. डावीकडे. जरा अजून. गाय आहे, थांबा. गेली. आता सरळ. सरळच.

मग तो आवाजही थांबला. समोर गंगा आली असणार.